तीन शिफ्टची शाळा आणि बावन्नचा आकडा

सोनकांबळे बाई,

तुमची शोकसभा आम्हाला तीनदा घ्यावी लागली. एवढा मान आजवर कुणा पुढाऱ्यालाही मिळालेला नाही, हे मी पैजेवर सांगतो.

मुख्याध्यापकांनी आपली साधी सूचना काढली होती. शनिवारी सकाळी अकरा वाजता, शाळेच्या हॉलमध्ये. ती ग्रुपवर पडली आणि माझा फोन असा तापला की त्यावर भाकरी भाजून निघाली असती. "सर, आमी फस्टला हाय, अकराला कसं जमायचं?" "सर, माझी नाइट आहे, आठला उतरतो बसमधून, तसाच येऊ का?" "भोंडवे सर, सेकंडवाल्यांचं काय?" शेवटी मी मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "साहेब, बाईंची सभा एका वेळेला होत नसते." ते म्हणाले, "म्हणजे?" ते नवीन आहेत, त्यांना काय ठाऊक. मग सकाळी साडेआठला रात्रपाळीवाले आले, डोळे लाल, डब्याच्या पिशव्या हातात. दुपारी एकला सेकंडवाले आले, कंपनीच्या शर्टात, घड्याळाकडे बघत. संध्याकाळी साडेपाचला फर्स्टवाले, बायकामुलांसकट. तिन्ही मिळून दहा हजार माणूस होतं. बरं, हजार. फोटोतून तुम्ही अशा काही बघायला लागलात म्हणून सांगतो, तीनशेच्या आसपास.

तुमची ती सवय. बावीस वर्षं एका स्टाफरूममध्ये समोरासमोर बसलो. तुम्ही गणित, मी इतिहास. मी म्हणायचो, पुनावळ्यात आमच्या शेतात एकेक भोपळा असा यायचा की दोघं जण बैलगाडीत चढवायचे. तुम्ही वहीतून मान वर न काढता म्हणायचात, "भागिले दहा." मी म्हणायचो, माझ्या पणज्यानं नुसत्या काठीनं वाघ पळवला. तुम्ही म्हणायचात, "वाघाला भागिले दहा केलं की मांजर येतं, सर." पोरंसुद्धा शिकली. मी वर्गात लढाईत लाखाचं सैन्य उभं केलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "सर, बाईंच्या हिशेबानं की तुमच्या?"

पण आज एक गोष्ट अशी सांगणार आहे, तिला कशानंही भागायचं नाही.

ते वर्ष आठवा. शाळा बंद. काही महिन्यांनी कारखान्यांचे भोंगे सुरू झाले, चाकणच्या बसगाड्या पुन्हा कासारवाडीतून माणसं उचलायला लागल्या, पण शाळेची घंटा मात्र गप्पच. मोबाईलवर शिकवा म्हणून हुकूम आला. तुम्ही लगेच फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून, वहीवर त्रिकोण काढून तयार. मी म्हणालो, "बाई, हे असलं शिकवणं म्हणजे खिडकीतून जेवू घालणं. पोराच्या डोळ्यात बघितल्याशिवाय इतिहास उतरत नाही." तुम्ही म्हणालात, "सर, फोन हा फळा आहे. फळ्यावर कुणी रागावतं का?" तिथून आपलं भांडण सुरू झालं ते पार आता-आतापर्यंत चाललं. मी म्हणायचो यंत्र मास्तरला खाईल. तुम्ही म्हणायचात, मास्तर आधी मुलापर्यंत पोचू दे, मग बघू कोण कुणाला खातं.

आणि पोचत तर कुणीच नव्हतं. नववीचा वर्ग, पट चोपन्नचा. सकाळी अकराच्या वर्गाला अकरा पोरं. घरात फोन एकच आणि तो बापाच्या खिशात, बाप चाकणला मशीनवर, आणि फोन गेटवरच्या लॉकरात. तुम्ही रोज हजेरी घ्यायचात, गैरहजर मुलांची नावंही मोठ्यानं वाचायचात. आरतीचं नाव वाचून थोडं थांबायचात. तिच्या आईनं तिला पॅकिंगच्या कामाला लावायचं ठरवलं होतं. "शाळा तर बंदच हाय बाई, घरी बसून पोरगी काय करणार," असं तुम्हाला दारात उभं करून सांगितलं होतं. शाळा उघडेल तेव्हा या चोपन्नातले किती परत येतील, ही एकच धास्ती तुम्हाला होती. ती मला तुमच्या आवाजावरून कळायची, कारण लातूरकडची बोली तुमच्या तोंडी फक्त धास्तीतच यायची.

आता माझं सांगतो. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

तेव्हा वरून एक फॉर्म आला होता, ऑनलाइन भरायचा. तुम्ही त्या आठवड्यात घरोघरी तपासणीच्या ड्युटीवर होतात. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी मला बसवलं कॉम्प्युटरपुढे. आयुष्यातला माझा पहिला फॉर्म. माझं नाव टाइप करायला मला चहाचे दोन कप लागले. मग चौकट आली, ऑनलाइन वर्गाला नियमित हजर विद्यार्थी किती. खरा आकडा अकरा. बाई, अकरा लिहायला माझं बोट धजेना. आपल्या शाळेचं नाव, तुमची ती मेहनत, आणि तिथं अकरा? मी चोपन्न लिहिणार होतो. मग म्हटलं, चोपन्नपैकी चोपन्न कोण खरं मानेल? म्हणून बावन्न लिहिलं. फेकण्यालाही शिस्त लागते, ती माझ्याकडे आहे. बटण दाबलं आणि छाती फुगवून घरी गेलो.

महिन्याभरानं यादी आली. कुठल्याशा मोठ्या कंपनीनं शाळांना टॅब वाटले होते, ज्या शाळांतली पोरं वर्गाला येऊच शकत नाहीत त्यांना आधी. रुळांपलीकडच्या शाळेला चाळीस मिळाले. आपल्या नावापुढे लिहिलं होतं, आवश्यकता नाही.

तुम्ही यादी घेऊन स्टाफरूममध्ये आलात. "सर, आपलं नाव कामून नाही यात?"

आणि मी काय म्हणालो, आठवतं? मी म्हणालो, "कॉम्प्युटर, बाई! मी सांगत नव्हतो? माणसानं यादी केली असती तर असं झालं नसतं."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी खिडकीबाहेर लोणावळ्याकडे जाणारी मालगाडी मोजायला घेतली, चाळीस डबे होते, हा आकडा मात्र खरा. मग तुम्ही यादी घडी घालून पर्समध्ये ठेवलीत आणि म्हणालात, "बरं. मग आपल्याकडे काय आहे ते बघू."

आपल्याकडे बापांचे फोन होते, दुसरं काय. तुम्ही खडू उचललात आणि स्टाफरूमच्या फळ्यावर तीन रकाने काढलेत. फर्स्ट, सेकंड, थर्ड. मला वाटलं बाईंना तापानं घेरलं. पण तुम्ही लातूरहून आलेल्या कामगाराच्या लेक, भोसरीच्या एका खोलीत वाढलेल्या. वडील रात्रपाळीला असले की दिवसा घरात आवाज चालत नसे, म्हणून तुम्ही पाढे नुसते ओठ हलवून पाठ केलेत. घरातल्या शिफ्टवर पोराचा अभ्यास कसा चालतो ते तुम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. "सर," तुम्ही म्हणालात, "फोन जेव्हा घरी असतो तेव्हा शाळा भरवायची."

एवढंच. एवढी साधी गोष्ट, आणि सगळ्या राज्यात, सगळ्या देशात, मी तर म्हणतो जगात, कुणाच्या डोक्यात आली नव्हती. बाप सेकंडला असेल तर फोन सकाळी घरी, त्यांचा वर्ग नऊ वाजता. बाप रात्रपाळीचा असेल तर फोन त्याच्यासारखाच गळालेला यायचा, तो दोन-तीन तास चार्जिंगला, वर्ग बाराला. बाप फर्स्टला असेल तर तो साडेचारला उतरणार, चहा घेणार, वर्ग साडेपाचला. एकच पायथागोरस दिवसातून तीनदा. आणि दर आठवड्याला बापांच्या शिफ्टा बदलणार, कुणाची सुट्टी गुरुवारी, कुणाची रविवारी, म्हणजे वेळापत्रकही दर आठवड्याला नवं.

"मग हे कळणार कसं, कोण कुठल्या शिफ्टला आहे?" मी विचारलं.

"तुम्ही फोन करायचा," तुम्ही म्हणालात. "दर रविवारी. चोपन्न घरी."

मला तो बहुमान वाटला. म्हटलं, बोलघेवडा माणूस बाईंनी बरोबर हेरला. मी ऐटीत कामाला लागलो. "दिगंबरराव, या आठवड्याला कोणती?" "सेकंड हाय सर. आरतीला नऊचा धरा." "जेवलात का?" "तुमचा फोन येस्तोवर कोण जेवतंय राव." चोपन्न बापांच्या गुडघेदुख्या, सुपरवायझर, मेहुणे, सगळं मला तोंडपाठ झालं. शितोळेंच्या बायकोनं एकदा फोन उचलला. मी म्हटलं, वहिनी, साहेब फर्स्टलाच ना अजून? ती म्हणाली, "फर्स्ट? मला तर रोज सातपर्यंत ओव्हरटाइम सांगतात!" मी घाईनं फोन ठेवून दिला. शितोळे पुढचे सहा महिने मला बघून रस्ता बदलायचा, पण पोरगं मात्र साडेपाचला न चुकता हजर, कारण फोन साडेचारला घरी यायला लागला.

शेवटी शेवटी चाकणचे मॅनेजर मला फोन करून विचारायचे की उद्या आमच्याकडे कोण कोण येणार आहे. भागा, भागा, माझी हरकत नाही. एकानं तरी विचारलं होतं.

रात्रपाळीच्या वर्गात प्रत्येक पोराच्या मागे एक बाप झोपलेला दिसायचा. तुम्ही आवाज खाली आणून शिकवायचात, अगदी अंगाईसारखं. एकदा तुम्ही विचारलंत, काटकोन किती अंशाचा, तर मुलांच्या आधी मागच्या चादरीतून आवाज आला, "नव्वद." मी हे सांगितलं की लोक हसतात. पण तुम्ही त्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन स्वतः सांगितलंत, आणि तुमच्या तोंडून आलेल्या गोष्टीला मी कुठून भागणार?

मग आरतीच्या बापाला जनरल शिफ्ट लागली, वर ओव्हरटाइम. सकाळी सहाला फोन बाहेर, संध्याकाळी आठला घरात. तुमच्या तिन्ही रकान्यांत त्या पोरीला जागाच राहिली नाही. तुम्ही त्यांच्या घरी गेलात, मी मागे स्कूटर घेऊन. दिगंबरराव दारात उभे. म्हणाले, "बाई, फोन घरी ठेवून जातो मी, पण कंपनीत माझ्या हाताला काही झालं आणि गेटवरून फोन आला, तर तो पोरीनं उचलायचा का? मागच्या महिन्यात आमच्या लाइनवरच्या एकाचं बोट गेलं." तुम्ही क्षणभरही थांबला नाहीत. "माझा नंबर गेटवर लिहून द्या. तुम्हाला यायला उशीर असला, काही झालं, तर मला कळवतील. मी इकडे येऊन सांगीन." आरतीची आई आतून म्हणाली, "बाई, तुम्ही एवढं कराल व्हय?" तुम्ही म्हणालात, "पॅकिंगचं बघू नका तेवढं."

आरतीचं बघून आणखी चौदा घरांनी तेच केलं. पंधरा बाप बिनफोनचे कामावर जायला लागले, आणि चाकणच्या कितीतरी गेटांवर पहारेकऱ्यांच्या वहीत तुमचा नंबर. बस उशिरा सुटली की फोन तुम्हाला. मशीन अडकलं की तुम्हाला. तुम्ही वर्ग थांबवून सांगायचात, "प्रथमेश, आईला सांग, बाबा सातला येतील," आणि पुन्हा कर्णाकडे वळायचात. तीच मुलं आज म्हणतात, आमच्या वर्गात गणिताबरोबर बाबाही यायचे.

आणि शाळा उघडली. आठवतं ना? तुम्ही फाटकात उभ्या राहिलात, साडी नवी, मास्क नवा, हातात हजेरीपट. मी मागून मोजत होतो, तुम्ही पुढून. सोसायट्या अन् वस्त्या पालथ्या घालून पोरं गोळा करायची वेळ आली होती कितीतरी शाळांवर. आपल्याकडे चोपन्न गेले होते, चोपन्न आले. आरती त्रेपन्नावी आली, तिच्या मागे प्रथमेश सायकलची चेन हातात घेऊन. तुम्ही मला म्हणालात, "सर, याला भागायचं नाही." मी बावीस वर्षांत तुम्हाला रडताना एकदाच पाहिलं, आणि तेव्हाही मला तोंड उघडता आलं नाही. तीच खरी वेळ होती. बाई, तो बावन्नचा आकडा माझा, म्हणायला किती लागतं? मी म्हणालो, "वडापाव आणू?"

नंतर वर्गात डिजिटल फळा आला, त्याला सगळे स्मार्ट म्हणायचे, तुम्ही फळाच म्हणायचात. कॉम्प्युटर लॅब झाली, त्यात तुम्ही आयांनाही बसवलंत, त्यांच्या पाल्यांचे अर्ज त्यांनाच भरायला लावलेत. आपलं भांडण चालूच. परवा, म्हणजे तुम्ही आजारी पडायच्या आधीच्याच आठवड्यात, आठवीतल्या एकानं 'माझा शेजार' हा निबंध मोबाईलमधल्या त्या नव्या एआय यंत्राकडून लिहून आणला. त्यात शेजारी गुलाबाची बाग, पाळलेला ससा, आणि निवृत्त कर्नल. पोरगं राहतं पिंपळे सौदागरच्या बांधकामावर, पत्र्याच्या खोलीत. मी तर नाचलो. "बघा बाई तुमचं यंत्र! हे तर माझ्यापेक्षा जास्त फेकतं!"

तुम्ही चष्मा काढलात. म्हणालात, "सर, तुमची फेक ओळखू येते. याची येत नाही, एवढाच फरक." मग म्हणालात, "मुलांना ती ओळखायला शिकवायचं आहे. तुम्ही मदत कराल? तुम्हाला अनुभव आहे."

मी हसण्यावारी नेलं. तुम्ही सहज बोललात की मुद्दाम, हे विचारायचं राहिलं. सोमवारी विचारू म्हटलं. सोमवारी तुम्ही आला नाहीत.

म्हणून मी ठरवलं. सकाळच्या सभेत जमलं नाही, दुपारच्या सभेतही नाही. संध्याकाळी हॉल गच्च, तुमच्या फोटोला पांढरी फुलं, आणि माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. सांगितलं, "टॅब न मिळाल्याचं कारण कॉम्प्युटर नव्हता. कारण मी होतो. अकराचे बावन्न मी लिहिले. बाईंना दिवसातून तीनदा एकच धडा शिकवावा लागला तो माझ्यामुळे."

मागून शितोळे, तोच शितोळे, ओरडला, "ओ सर, बाईंच्या फोटोपुढं तरी फेकू नका राव!"

सगळा हॉल हसला. मी म्हणालो, "अहो, खरं सांगतोय!" आणखी हसले. दिगंबररावांनी डोळे पुसले, हसून की रडून कुणास ठाऊक, म्हणाले, "बसा सर, बसा. बाईंना मोठं करायला स्वतःला बारीक करायची गरज न्हाई. त्या हायतच मोठ्या." टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के खरं बोललो, आणि एकाही माणसानं विश्वास ठेवला नाही. ही मला मिळालेली शिक्षा, आणि ती रास्त आहे.

एकच जण हसली नव्हती. आरती. डिप्लोमा झालाय तिचा, चाकणला रोबोटच्या लाइनवर ट्रेनी आहे, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मी बाहेर नळाशी तोंड धूत होतो, तिथं आली.

"सर, मला माहीत आहे ते खरं आहे."

"तुला कसं?"

"शाळा उघडल्यावर बाईंचे वेळापत्रकाचे चार्ट मी लिहून दिले ना दहावीत. शिफ्टच्या फाईलमध्ये पहिलंच पान त्या फॉर्मचं होतं. भरला की त्याची प्रत शाळेच्या मेलवर येते, सर." तिला माझा चेहरा बघून कीव आली असावी. "तुम्हाला ते ठाऊक नव्हतं ना?"

नव्हतं, बाई. कसं असणार? म्हणजे तुम्ही यादी घेऊन आलात तेव्हाच तुमच्या पर्समध्ये ती प्रत होती, माझ्या नावासकट. मी कॉम्प्युटरला शिव्या देत होतो आणि तुम्ही ऐकत होतात. मग तुम्ही खडू उचललात. चोपन्न घरी फोन मलाच का करायला लावलेत, ते मला आज, इतक्या वर्षांनी, नळाखाली हात धरून उभं असताना कळलं. वर्षभर दर रविवारी मी चोपन्न माणसांना खरं काय ते विचारत होतो, आणि आलेलं उत्तर जसंच्या तसं फळ्यावर लिहीत होतो.

"तू बाईंना विचारलं नाहीस?" मी आरतीला म्हणालो.

"विचारलं की. म्हटलं, बाई, आता सरांना काय करणार तुम्ही?"

"मग?"

"बाई पान उलटत म्हणाल्या, काही नाही. सर फोन छान करतात."

बाई, बावीस वर्षांत तुम्ही माझं केलेलं हे एकुलतं एक कौतुक. चार शब्दांचं. ते मी पुनावळ्यापासून चाकणपर्यंत प्रत्येक गेटवर, प्रत्येक बसथांब्यावर, भेटेल त्याला थांबवून सांगणार आहे. आणि त्याला पाचवा शब्द जोडणार नाही.

तुमचा,
भोंडवे सर